शंका-समाधान : चांदीचा कण केवढा, आणि तो मोजला कशाने?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी एवढंच लिहिलं होतं की कोलायडल सिल्व्हर म्हणजे पाण्यात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण, आणि बाटलीवर कणांचा साइज लिहिलेला असेल तर तो कोणत्या पद्धतीने मोजलाय हे विचारल्याशिवाय त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की यावेळी सगळा कॉलम त्याच विषयाला देतोय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून कुणाचंच देत नाही, इंदुरात कुठून लिहिलंय तेवढंच देतो.

प्रश्न (सराफा) : आमचं चांदीचं जुनं दुकान आहे. भाच्याने ऑनलाइन कोलायडल सिल्व्हरची बाटली मागवली, लेबलवर "१० पीपीएम, कण ०.८ नॅनोमीटर" लिहिलंय. पाणी एकदम पारदर्शक, रंग बिलकुल नाही. आरओवाल्याचा टीडीएस मीटर घालून बघितला तर ८ दाखवतो, म्हणजे माल जवळजवळ बरोबर आहे ना? आम्ही चांदीचा टंच काढतो तसं ह्याचं काही घरच्या घरी तपासता येतं का?

उत्तर : सगळ्यात आधी तो टीडीएस मीटर बाजूला ठेवा. तो कण बघत नाही आणि चांदीही बघत नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच बघतो आणि त्या आकड्याला एका ठरलेल्या फॅक्टरने, साधारण ०.५ ते ०.७ ने, गुणून पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) म्हणून दाखवतो. वीज वाहून नेतात ते आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, मग ते सोडियमचे असोत, कॅल्शियमचे असोत की चांदीचे. धातूचा कण म्हणजे हजारो अणूंचा घट्ट गोळा, तो ह्या मीटरच्या हिशेबात जवळजवळ येतच नाही. तेव्हा तुमच्या ८ चा अर्थ एवढाच की पाण्यात काहीतरी विरघळलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे माझी शंका वाढते की बाटलीत कण कमी आणि विरघळलेली चांदी, म्हणजे सिल्व्हर आयन, जास्त असावी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चांदीच्या दोन तारा सोडून ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडून जे लोक घरी बनवतात त्यातही असंच होतं, बरीचशी चांदी आयन होऊन बसते.

टंच काढताना तुम्ही चांदी किती आहे ते बघता. इथे प्रश्न दोन आहेत, चांदी किती आणि तिचे तुकडे केवढे, आणि पीपीएम हा फक्त पहिल्याचा जवाब आहे. दुसऱ्याचा जवाब घरी मिळत नाही पण कण आहेत की नाहीत एवढं मात्र बऱ्यापैकी कळतं.

पहिलं म्हणजे रंग. चांदीचे १०-२० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण ४०० नॅनोमीटर लांबीच्या लाटेच्या आसपासचा जांभळा प्रकाश इतक्या जोरात शोषतात की पाणी पिवळं दिसायला लागतं. १० पीपीएम चांदी खरोखर अशा कणांच्या रूपात असेल तर काचेच्या ग्लासात, मागे पांढरा कागद धरून, पिवळेपणा सहज दिसतो, शोधावा लागत नाही. तुमचं पाणी बिनरंगी आहे म्हणजे एकतर त्यात आयनच आहेत, किंवा चांदीच नावाला आहे. आणि लेबलवरच्या ०.८ चा हिशेब करून बघा, चांदीच्या एका घन नॅनोमीटरमध्ये साधारण ५८ अणू बसतात, त्या हिशेबाने ०.८ नॅनोमीटरच्या गोळ्यात पंधराएक अणू झाले! १० नॅनोमीटरच्या कणात तेच तीस हजारांच्या वर असतात. पंधरा अणूंचा पुंजका साध्या पाण्यात, कुठलंही आवरण न देता, महिनोन् महिने बाटलीत तसाच टिकेल ही गोष्ट मला पटत नाही, आणि तो एवढासा मोजायला जी मशीन आणि जी मेहनत लागते तिचा रिपोर्ट विकणाऱ्याने दाखवलाच पाहिजे.

दुसरं म्हणजे लेझर. रात्री खोलीत अंधार करून हिरव्या लेझर पॉइंटरचा किरण बाटलीतून आडवा सोडा, आधी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीतून आणि मग ह्या बाटलीतून. कण असतील तर किरणाची अखंड रेघ दिसते, ह्यालाच टिंडल इफेक्ट म्हणतात. मधेच एखादा ठिपका चमकून गेला तर ती धूळ, ती मोजू नका. लाल लेझर घेतला तर रेघ फिकी दिसेल कारण बारीक कण कमी लांबीच्या लाटा जास्त विखुरतात, ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा ५३२ चा हिरवा दुपटीहून जास्त. फक्त डोळ्यांवर आणि आरशावर किरण जाऊ देऊ नका, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आणि रेघ ठळक आहे म्हणून कण मोठे, फिकी आहे म्हणून लहान, असा निकाल लावू नका, थोडे मोठे कण आणि पुष्कळ लहान कण दोन्ही सारखीच रेघ देऊ शकतात.

तिसरं मीठ. थोडं पाणी वेगळ्या वाटीत घेऊन चिमूटभर मीठ टाका. बिनरंगी पाणी दुधाळ झालं तर ते सिल्व्हर क्लोराइड, म्हणजे चांदी आयन रूपात होती, आणि हा दुधाळपणा उन्हात ठेवला की हळूहळू करडा-जांभळा पडतो. पिवळं पाणी असेल आणि मीठ टाकल्यावर करडं पडून रंग उडाला तर कण होते, मिठाने ते एकमेकांना चिकटले. प्रोटीन घालून बनवलेला माल असेल तर तो मिठाला दाद देत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. वाटीतलं ते पाणी फेकून द्या, आणि बाटलीतलं पाणीही कुणी तोंडात घालू नका, का ते खाली एका ताईंना सांगितलंय.

प्रश्न (भंवरकुआ) : सर मी एमएससी केमिस्ट्री करते. प्रोजेक्टमध्ये तुळशीच्या पानांच्या अर्कातून सिल्व्हर नॅनोपार्टिकल्स बनवले. साइज डीएलएसमध्ये ६८ नॅनोमीटर आला, टीईएममध्ये २२, आणि एक्सआरडीवरून शेररच्या सूत्राने काढला तर १७. गाइड विचारतात की तिन्हीतला खरा कोणता, आणि मैत्रीण म्हणते सगळ्यात लहान लिही, पेपरला बरं दिसतं. एक्सआरडीत २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांना जास्तीचे पीक पण आहेत, ते काय असावेत?

उत्तर : तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण तीन मशिनींनी, म्हणजे डीएलएस (विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशावरून मोजणारी), टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) आणि एक्सआरडी (एक्स-रेने क्रिस्टल तपासणारी) ह्यांनी, तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्यात. हे एकदा नीट समजलं की व्हायव्हात कुणीही काहीही विचारू दे, तू अडकणार नाहीस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डीएलएस कण बघत नाही, कणांची हालचाल बघतो. पाण्याचे रेणू कणांना सारखे धक्के देत असतात, लहान कण जास्त हलतो, मोठा कमी, आणि लेझरचा विखुरलेला प्रकाश त्यामुळे कमी-जास्त लुकलुकतो. ही लुकलुक किती वेगाने बदलते त्यावरून मशीन डिफ्युजन काढते आणि स्टोक्स-आइन्स्टाइनच्या सूत्रात टाकून साइज देते. २५ अंशाला पाण्यात २० नॅनोमीटरचा कण एका सेकंदात एका दिशेला साधारण ७ मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या साइजच्या साडेतीनशे पट! आता जो सरकतो तो एकटा चांदीचा गोळा नसतो, त्याच्या अंगावर तुझ्या तुळशीच्या अर्कातले फिनॉल, प्रोटीन, जे काय चिकटलंय ते, आणि बरोबर ओढलं जाणारं पाणी, हे सगळं मिळून तो आकडा येतो. म्हणून त्याला हायड्रोडायनॅमिक डायमीटर म्हणायचं, नुसतं पार्टिकल साइज लिहायचं नाही.

पण २२ चे ६८ नुसत्या आवरणाने होत नाहीत. खरं कारण असं की विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या कणापेक्षा दहा लाख पट प्रकाश विखुरतो, साधारण हिशेबाने. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या मिरवणुकीत शेजारी ढोल वाजायला लागला की दहा जणांच्या गप्पा असून नसल्यासारख्या होतात तसं डीएलएसमध्ये मूठभर मोठे कण किंवा चिकटलेले झुबके बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. तुझ्या रिपोर्टवर पीडीआय, म्हणजे कणांच्या साइजमध्ये फरक किती ते सांगणारा आकडा, बघ. ०.१ च्या आत असेल तर कण एकसारखे, ०.४-०.५ च्या पुढे असेल तर लहान-मोठी सरमिसळ, आणि वनस्पतीच्या अर्कातल्या सॅम्पलचा बहुतेक वेळा जास्तच निघतो. त्याच मशीनवर इंटेन्सिटीऐवजी नंबर डिस्ट्रिब्युशन उघडलं तर आकडा खाली येईल, पण त्यासाठी मटेरियलचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स आणि अब्सॉर्प्शन चांदीचंच टाकलेलं असलं पाहिजे, आधीच्या कुणाच्या पॉलिस्टायरीनच्या सेटिंगवर चालवलं असेल तर तो नंबर काही कामाचा नाही. झेड-अ‍ॅव्हरेजला, म्हणजे मशीन थेट देते त्या सरासरी साइजला, ती भानगड नसते, त्याला पाण्याचे आकडे आणि टेम्परेचर बरोबर असलं की पुरतं.

टेम्परेचरचं मात्र मनावर घे. मे महिन्यात इंदुरात ३५ अंशाचं सॅम्पल क्युव्हेटमध्ये, म्हणजे मापाच्या छोट्या पारदर्शक नळीत, ओतलं आणि सेल २५ वर सेट आहे म्हणून लगेच रन चालू केला तर आतलं पाणी अजून गरम आणि पातळ असतं, कण जास्त पळतात, आणि मशीन समजते की कण लहान आहेत. पूर्ण दहा अंशांचा फरक राहिला तर २० चा कण साडेपंधराच्या आसपास दिसेल. म्हणून क्युव्हेट आत ठेवून काही मिनिटं थांबायचं, तीन रन लागोपाठ घ्यायचे, आणि आकडे एकाच दिशेने सरकत असतील तर अजून थांबायचं.

आता टीईएम. तिथे इलेक्ट्रॉनच्या झोतात फक्त चांदी काळी दिसते, वरचं सेंद्रिय आवरण जवळजवळ दिसत नाही, म्हणून आकडा लहान येतो आणि चांदीच्या गाभ्याचा म्हणशील तर तो सगळ्यात भरवशाचा. पण ग्रिडवर थेंब वाळताना कण गोळा होतात, त्यामुळे फोटोत दिसणारे झुबके पाण्यातही होते असं म्हणता येत नाही. आणि किती कण मोजलेस? एका सुंदर फोटोतले तीस कण मोजून सरासरी काढणं बरोबर नाही, ग्रिडच्या वेगवेगळ्या जागांचे फोटो घे, दोन-तीनशे कण तरी मोज, एकावर एक चढलेले सोडून दे, आणि सरासरीबरोबर हिस्टोग्राम आणि स्टँडर्ड डेव्हिएशन दे. हे काम कंटाळवाणं आहे पण ह्याच कामाने तुझ्या आकड्याला वजन येतं.

एक्सआरडीतून कणाचा नाही, क्रिस्टलाइटचा, म्हणजे कणातल्या एकेका सलग क्रिस्टलचा, साइज निघतो. एक कण दोन-चार क्रिस्टलाइट जोडून बनलेला असू शकतो, चांदीत तर जुळे आणि पाच पाकळ्यांचे क्रिस्टल खूप बनतात, म्हणून १७ हा २२ पेक्षा कमी येणं अगदी नॉर्मल आहे. ३८.१ अंशाच्या पीकची रुंदी अर्ध्या अंशाच्या आसपास असली की ०.९ चा कॉन्स्टंट आणि ०.१५४ नॅनोमीटरची कॉपरची वेव्हलेंग्थ घेऊन साधारण १७ च येतात, फक्त रुंदी रेडियनमध्ये घेतलीस ना, आणि मशीनची स्वतःची रुंदी वजा केलीस ना, ते तपास. ती वजा केली नसेल तर साइज खरा आहे त्यापेक्षा लहान दिसतो.

आणि ते जास्तीचे पीक, २७.८, ३२.२, ४६.२, हे सिल्व्हर क्लोराइडचे आहेत. पानांच्या रसात क्लोराइड असतंच, आणि अर्क काढताना किंवा धुताना नळाचं पाणी वापरलं असेल तर त्यातूनही येतं. लपवू नकोस, थिसिसमध्ये लिही की थोडं क्लोराइड बनलंय, कारण तुझ्या डीएलएसच्या ६८ मध्ये त्याचाही हात असू शकतो. अर्धा दिवस काढून डबल डिस्टिल्ड पाण्याने एक बॅच परत कर आणि फरक बघ.

तर लिहायचं असं की टीईएमने गाभा अमुक, इतक्या कणांवर, डीएलएसने हायड्रोडायनॅमिक अमुक, पीडीआय अमुक, शेररने क्रिस्टलाइट अमुक. मैत्रिणीचं ऐकू नकोस.

प्रश्न (लोकमान्य नगर) : मी शाळेत सायन्स शिकवतो. मुलं विचारतात, शाळेच्या मायक्रोस्कोपमधून हे कण दिसतील का, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नव्हता तेव्हा लोकांना कसं कळलं की कण एवढे छोटे आहेत?

उत्तर : साध्या मायक्रोस्कोपमधून आकार दिसणार नाही, दृश्य प्रकाशाने साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं काही वेगळं करून बघता येत नाही, लेन्स कितीही महाग आणली तरी. पण मुलांचा दुसरा प्रश्न मला फारच आवडला, त्याला जरा जागा देतो.

१८५७ मध्ये मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याची लाल द्रावणं बनवली, त्यातल्या काही बाटल्या अजून तिथे जपून ठेवल्यात. त्याने किरण सोडून दाखवलं की ह्या लाल पाण्यात धातूचे कणच आहेत, पण साइज मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. ते आलं १९०३ च्या सुमाराला, झिगमोंडी आणि झीडेनटॉप्फ ह्या दोघांच्या अल्ट्रामायक्रोस्कोपने. त्यांनी उजेड खालून न सोडता बाजूने सोडला, त्यामुळे मागचं सगळं काळं आणि प्रत्येक कण एकेक चमकता ठिपका. ठिपक्याचा आकार म्हणजे कणाचा आकार नव्हे, हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी ठिपके मोजले. ठरावीक आयतनात ठिपके किती ते मोजायचं, तेवढ्या पाण्यात धातू किती ग्रॅम टाकलाय ते माहीतच आहे, भागाकार केला की एका कणाचं वजन, आणि धातूची घनता माहीत असली की व्यास. आठवीतल्या मुलाला फळ्यावर करून दाखवता येईल एवढंच गणित आहे, आणि त्या कामात पुढे जाऊन झिगमोंडीला १९२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी पेराँला फिजिक्सचं मिळालं, त्याने कणांच्या थरथरीवरून आणि पाण्यात ते कसे थर धरतात त्यावरून आइन्स्टाइनचं १९०५ चं गणित खरं करून दाखवलं, आणि स्वेडबर्गला केमिस्ट्रीचं, ज्याने अल्ट्रासेंट्रिफ्यूज बनवून कण किती वेगाने खाली बसतात त्यावरून साइज काढला. आजचा डीएलएस ह्याच थरथरीवर चालतो हे मुलांना जरूर सांगा.

वर्गात दाखवायचं तर चांदीची गरजच नाही, पाण्यात दुधाचे दोन थेंब पुरतात, बाजूने टॉर्च आणि मागे काळा कागद.

प्रश्न (राजेंद्र नगर) : लॅबमधून आणलेलं पिवळं सिल्व्हर कोलाइड फ्रीझरमध्ये ठेवलं, आता ते करडं झालंय आणि तळाशी काळपट गाळ बसलाय. हलवलं की पुन्हा मिसळतं. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. पाण्याचा बर्फ होताना कण उरलेल्या पाण्यात दाटीवाटीने ढकलले जातात आणि कायमचे चिकटतात, हलवून ते सुटत नाहीत, नुसते वर येतात. गाळावरूनही अंदाज करता येतो. चांदीची घनता १०.५, म्हणून २० नॅनोमीटरचा कण स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली येईल, आणि पाण्याची जराशी हालचालही त्याला वर ठेवायला पुरते. १०० नॅनोमीटरचा दिवसाला ५ मिलिमीटर. तुमचा गाळ रात्रीतून बसत असेल तर त्यातले झुबके मायक्रोमीटरच्या घरात गेलेत. नवीन आणा, अंधाऱ्या जागी किंवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

प्रश्न (वैशाली नगर) : माझे मिस्टर इम्युनिटीसाठी रोज दोन चमचे कोलायडल सिल्व्हर घेतात. विकणारा म्हणतो की कण जितका छोटा तितका तो शरीरातून निघून जातो, त्वचा निळी पडते ती मोठ्या कणांनी. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, हे बरोबर नाही आणि कृपा करून आजच थांबवा. त्वचा निळी-करडी पडते त्याला आर्जिरिया म्हणतात, ती पोटात गेलेली चांदी शरीरात साठून होते, आणि ती चांदी कणातून आली की आयनातून ह्याने सुटका होत नाही. उलट कण लहान म्हणजे त्याच वजनात पृष्ठभाग जास्त, १० नॅनोमीटरच्या एक ग्रॅम कणांचा पृष्ठभाग ५७ चौरस मीटर होतो, आणि पृष्ठभाग जास्त तितके आयन लवकर सुटतात. एकदा पडलेला रंग सहसा जात नाही, आणि उजेड लागतो त्या भागात, चेहऱ्यावर आणि हातांवर, तो जास्त उठून दिसतो.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय स्टँडर्डमध्ये, आयएस १०५०० मध्ये, चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. १० पीपीएमची बाटली म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, बरोबर शंभर पट. अमेरिकेच्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या एफडीएने १९९९ मध्येच नियम काढून सांगितलं की कोलायडल सिल्व्हर असलेली, चिठ्ठीशिवाय विकली जाणारी औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानली जात नाहीत. भाजलेल्या जखमेवर डॉक्टर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम देतात ती गोष्ट वेगळी, ते बाहेरून लावायचं, डॉक्टरच्या सांगण्यावरून. मिस्टर थायरॉइडची गोळी किंवा एखादं अँटिबायोटिक घेत असतील तर डॉक्टरांना चांदीचं आवर्जून सांगा, काही औषधं चांदीमुळे अंगी लागत नाहीत. आणि घेतलेले महिने, रोजचे चमचे, बाटलीचा फोटो, हे सगळं बरोबर घेऊन जा, लाजायचं काही कारण नाही.

प्रश्न (रामबाग) : रात्रभर चांदीच्या पेल्यात ठेवलेल्या पाण्यात हे नॅनो कण येतात का? आमच्याकडे नातवाला त्यातच पाणी देतात.

उत्तर : आजी, पेल्यातून पाण्यात उतरते ती अगदी नखभराच्याही नखभर चांदी, आणि ती मुख्यतः आयन म्हणून. बाटलीतल्या १० पीपीएमशी तिची बरोबरी नाही. पेला घासून स्वच्छ ठेवा, त्यात ताक-लिंबू सरबत ठेवून देऊ नका.

प्रश्न (पोलोग्राउंड) : आमचं कापडावर सिल्व्हरचं अँटिमायक्रोबियल फिनिश देण्याचं छोटं युनिट आहे. कोलाइड आम्ही स्वतः बनवतो. प्रत्येक बॅचचा साइज बाहेर पाठवून मोजायचा तर परवडत नाही. कोणती एक मशीन घ्यावी?

उत्तर : यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर घ्या, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारी मशीन. चांदीच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे की रंगच साइजबद्दल बोलतो, गुस्ताव मीने १९०८ मध्ये सोन्याच्या कणांवर हे गणित मांडलं ते आजही जसंच्या तसं वापरतात. गोल कण, साधं पाणी, तर १०-२० नॅनोमीटरच्या कणांचा पीक, म्हणजे सगळ्यात जास्त शोषण, ४०० नॅनोमीटरच्या लाटेच्या आगेमागे, ४० चा ४१० च्या जवळ, ६० चा ४३० च्या आसपास, आणि १०० चा ४८० च्याही पुढे जाऊन रुंद आणि बसका होतो. लहान कणांत मात्र पीक फार सरकत नाही, म्हणून १० की १५ हे त्यावरून सांगायला जाऊ नका. तुम्हाला ते नकोच आहे, तुम्हाला बॅच बिघडली का ते हवंय, आणि ते पीकची रुंदी आणि ५०० च्या पुढची शेपटी बघून कळतं. शेपटी उचलली की कण चिकटायला लागले.

काम असं बसवा. एक चांगली बॅच बनवा, तिचा टीईएम एकदाच नीट करून घ्या, आणि त्याच बॅचचा स्पेक्ट्रम प्रिंट काढून भिंतीवर लावा. पुढची प्रत्येक बॅच त्याच डायल्युशनला, अब्सॉर्बन्स १ च्या खाली ठेवून, त्या कागदाशी ताडून बघायची. डायल्यूट करायला डीआयोनाइज्ड पाणीच, नळाला येणारं नर्मदेचं पाणी नाही आणि आरओचंही नाही, त्यातले क्षार मापाच्या वेळीच कण चिकटवून टाकतात आणि चांगली बॅच तुम्ही फेकून द्याल. क्युव्हेट वरच्या बाजूने धरा, बोटाचा ठसा उजेडाच्या वाटेत आला की बेसलाइन वर जाते. पीक कुठे आहे, अर्ध्या उंचीवर रुंदी किती, ५०० ला किती, हे तीन आकडे आणि तारीख रजिस्टरमध्ये लिहीत चला.

चांदी एकूण किती हे स्पेक्ट्रमवरून ठरवू नका, त्याला अ‍ॅटॉमिक अब्सॉर्प्शन किंवा आयसीपी ही धातू मोजणारी मशीन लागते. आणि आयन किती उरलेत ते बघायचं तर हाय स्पीड सेंट्रिफ्यूजने किंवा अल्ट्राफिल्टरने कण काढून खालचं पाणी पाठवायचं.

टीईएमसाठी बाहेर जावं लागेलच. आपल्या शहराचं बरं आहे, खंडवा रोडवर विद्यापीठ आणि यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम, सिमरोलला आयआयटीचं इन्स्ट्रुमेंट सेंटर, आणि आरआरकॅट ह्या सरकारी संशोधन केंद्रात तर इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे जोरदार एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, स्मॉल अँगल एक्स-रे स्कॅटरिंगची बीमलाइन आहे, ज्यात थेंब न वाळवता द्रवातच कणाचा साइज मोजता येतो. कुठे बाहेरच्या युनिटचं सॅम्पल घेतात, कोणत्या पत्रावर घेतात आणि काय दर आहे ते आधी विचारून घ्या. सॅम्पल नव्या, डीआयोनाइज्ड पाण्याने विसळलेल्या ब्राउन बाटलीत काठोकाठ भरून द्या, उन्हात गाडीत ठेवू नका, बर्फातही नको, बाटलीवर बनवल्याची तारीख आणि आवरणाला काय वापरलंय ते लिहा. रिपोर्टबरोबर नुसता सरासरीचा आकडा न घेता सगळे फोटो आणि मोजलेल्या कणांची यादी मागून घ्या, ती देतात, फक्त मागावी लागते.